जड हाताची बाई

तुम्ही शेवटचं कधी घरातल्या कुणाला म्हणालात, "राहू दे, ते तुझ्याच्यानं व्हायचं नाही"? चिडून म्हणाला असाल तर एक वेळ चालेल, चिडून बोललेलं माणूस विसरतं. मी विचारते आहे ते प्रेमानं म्हटलेल्याबद्दल. तिला लागेल, भाजेल, उगाच चारचौघांत हसं होईल, अशा काळजीनं म्हटलेल्याबद्दल. आमच्या घरात हे वाक्य वीस वर्षं प्रेमानंच म्हटलं गेलं, आणि ज्या बाईला म्हटलं गेलं ती माझी आई होती. आम्ही तिला अम्मा म्हणायचो.

आम्ही मणियार, म्हणजे बांगड्यांच्या धंद्यातले. इंदापुरात बाजारपेठेच्या मागच्या अंगाला घर, आणि घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. अब्बा आठवड्याचे बाजार करायचे, जत्रेला नरसिंहपूरला पाल मांडायचे, मोटारसायकलच्या मागं दोन पेट्या बांधून पहाटेच निघायचे. दुकान चालवायची हलीमा फुपी, अब्बांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली आणि गादीवर बसली ती कायमचीच. बांगडी विकणं कुणालाही येतं, बांगडी भरणं ही वेगळी गोष्ट. काचेची बांगडी मनगटाला लगटून बसायला हवी असेल तर ती हाताच्या हाडापेक्षा लहानच घ्यावी लागते. मग समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात मिटवायचा, बोटांची हाडं घडी घातल्यासारखी एकावर एक आणायची, तिला बोलण्यात गुंतवायचं आणि तिला कळायच्या आत बांगडी पलीकडं न्यायची. भरताना फुटली तर नुकसान आमचं, गिऱ्हाइकाचं नव्हे. आणि 'फुटली' असं म्हणायचंसुद्धा नाही. 'वाढली' म्हणायचं.

फुपीचं भरणं बघायला मजा यायची. "काय ग सोनाक्का, सून कशी हाय?" ती विचारायची, आणि सांगवीहून आलेली सोनाक्का तोंड वाकडं करून म्हणायची, "हाय की. एका हातानं भाकरी थापती, एका हातानं फोन बघती." "मंग हुशार हाय की. तुला कुठं येतंय एका हातानं थापायला?" एवढं होईस्तोवर सोनाक्काच्या मनगटावर सहा बांगड्या बसलेल्या असायच्या. बांगड्या भरल्यावर भरणाऱ्याला नमस्कार करायची रीत आहे. बायका वाकल्या की फुपी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची आणि ठरलेलं वाक्य म्हणायची, "हात अल्लानं दिला, बाई. मी काय केलं न्हाय. मणियाराच्या रगतातच असतोय हात." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की दुकानातल्या आरशासारखं ते मला दिसेनासं झालं होतं.

अम्मा मणियार घरातली नव्हती. ती कोऱ्हाळे बुद्रुकची, शेतकऱ्याच्या घरातली. उसात खुरपणारी, धारा काढणारी, गाय अडली तर बापाबरोबर गोठ्यात उभी राहणारी. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या दादीनं तिला एका गिऱ्हाइकासमोर बसवलं. दोन बांगड्या फुटल्या, बाईच्या हाताला ओरखडा उठला. दादी वाईट नव्हती. तिनं अम्माच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे ग पोरी. तुझा हात जड हाय. उसातला हात हाय त्यो, काचंतला न्हाय." तेवढ्यावर निकाल लागला. त्यानंतर अम्मानं बांगड्या धुतल्या, पुसल्या, रंगावर लावल्या, दोऱ्यात ओवून त्यांचे डझन बांधले, पेट्यांत गवत भरलं, पण कुणाच्या हातात एकही भरली नाही. दुकानात गर्दी झाली आणि एखादी बाई म्हणाली, "तुमीच भरा की वहिनी," तर अम्मा हसून म्हणायची, "न्हाय बाई, माझा हात जड हाय," जणू स्वतःचं गाव सांगावं तसं. मग आत जाऊन ती चुलीपुढं बसायची. उजनीच्या धरणातली चिलापी मासळी ती अशी तळायची की वास दुकानापर्यंत यावा आणि गिऱ्हाइकांनी विचारावं, आज काय हाय. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, शुक्रवारी मटण घातलेल्या डाळीचा दाळचा. या सगळ्याला कुणी 'हात' म्हटलं नाही. ते फक्त जेवण होतं.

आता माझ्याबद्दल. आमच्या भिंतीला भिंत लागून एक छापखाना होता. दिवसभर त्याच्या यंत्राचा ठकठक आवाज आमच्या भांड्यांच्या फळीत यायचा, ताटल्या थरथरायच्या. तिथली वाया गेलेली पत्रकं अब्बा बांगड्या गुंडाळायला गठ्ठ्यानं आणायचे. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यावर. हुंड्याविरुद्धची पत्रकं, कारखान्याच्या निवडणुकीची, अंधश्रद्धेवरची, पाण्याच्या पाळीवरची, बायांच्या हक्कावरची. अर्धी शाई, उलटी ओळ, कोपरा फाटलेला. पण त्या भाषेत एक धग होती. तिथं कुणी 'बघू' म्हणत नसे, 'जाब विचारा' म्हणत असे. मीही तशीच बोलायला लागले. आपा, माझी थोरली बहीण शबाना, म्हणायची, "नसीमला मीठ माग, ती आधी भाषण करील, मंग सांगील, संपलंय." सतरा वर्षांची होते मी, आणि घरातला प्रत्येक अन्याय मला दिसतो अशी माझी पक्की खात्री होती.

त्या गठ्ठ्यात एकदा बारामतीच्या कुठल्याशा महिला शिबिराचं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं ते साधंच होतं. बुद्धी किंवा कसब घेऊन कुणी जन्माला येत नाही. एखादी गोष्ट येत नसेल तर ती येत नाही असं मानू नये, अजून आली नाही असं मानावं. चूक झाली की लाजू नये, चुकीला विचारावं की तू काय सांगायला आलीस. शाळेपुरतं नव्हे, स्वयंपाकघरात, शेतात, सायकलवर, सगळीकडं हे खरं आहे. मी तो कागद घेऊन थेट आत गेले. अम्मा तांदूळ निवडत होती.

"अम्मा, तुझा हात जड न्हाय. तुला कुणी शिकवलंच न्हाय."

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? दोन बांगड्या फुटल्या म्हणून वीस वर्षं गप बसलीस तू. तुला कधी वाटलं न्हाय भरावी?"

तिनं तांदळातला खडा बोटानं बाजूला केला. मग म्हणाली, "शबानाच्या लग्नात वाटतंय. लेकीच्या हातात पयली बांगडी आपण भरावी. पन वाटून काय हुतंय."

एवढं पुरे होतं मला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी, भांडी झाली की, फुपी दुकानात भिंतीला टेकून डुलकी काढायची तेव्हा आम्ही मागच्या खोलीत बसायला लागलो. सांधा नीट न बसलेल्या, विकायला न चालणाऱ्या बांगड्या अम्मा पदरात लपवून आणायची. मी हात पुढं करायचे, ती भरायची. पहिल्या दिवशी चार फुटल्या. दुसऱ्या दिवशी पाच. माझ्या अंगठ्याच्या बुडाला अजून पांढरे बारीक वण आहेत. ऊन लागलं की ते उठून दिसतात. प्रत्येक बांगडी फुटली की अम्माचा चेहरा पडायचा आणि मी पत्रकातलं वाक्य म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझा हात लाकडाचा झालाय, कागदं धरून धरून. जरा ढिला सोड की." आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो, कारण पलीकडं फुपी होती. माझ्या आयुष्यात अम्मा माझ्याशी सगळ्यात जास्त बोलली ती त्या दुपारींमध्ये. कोऱ्हाळ्याची विहीर, तिच्या बापाची गाय, पावसात पडलेली भिंत. एरवी ती मला फक्त जेवलीस का विचारायची.

शिकायला तिला कशानं मदत केली असेल, तर ती माझ्या वाक्यांनी नाही. तीनेक महिन्यांनी एके दिवशी ती बांगडी माझ्या बोटांवर अडकवून तशीच थांबली. मी म्हटलं, ढकल की. ती म्हणाली, "थांब. गाय अडली की वासराचा पाय आपुन वडायचा न्हाय. ती जोर लावती तवा आपुन फक्त धरायचं. हाताचंबी तसंच दिसतंय. दोन दम घेतले की हात आपसूक ढिला पडतोय." ती थांबली. मी श्वास सोडला. बांगडी हाडावरून अशी उतरली की मला कळलंच नाही. आम्ही दोघी त्या मनगटाकडं बघत राहिलो. उसातला, गोठ्यातला हातच शेवटी काचेच्या कामी आला होता, आणि हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं.

फुपीला कधी कळलं ते ठाऊक नाही. राखेत काचा सापडल्या असतील. एका दुपारी ती दारात उभी दिसली. अम्मानं चटकन हात मागं घेतला. फुपी अम्माला म्हणाली, "अंगठ्याच्या बुडाला दाब, जैबून. वर न्हाय," आणि पाण्याचा तांब्या उचलून निघून गेली. मला राग आला. मला वाटलं, मक्ता हातातून जाईल म्हणून पहारा करते आहे. आज ते वाक्य आठवलं की मला ऐकू येतं ते वेगळंच. वीस वर्षांत तिनं अम्माला धंद्यातली सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. पण तेव्हा माझ्याकडं पत्रकं होती आणि पत्रकात एक बाजू शोषकाची असते. ती जागा मी फुपीला देऊन टाकली होती.

आपाचं लग्न बारामतीच्या फळवाल्यांच्या घरात ठरलं. निकाहच्या आदल्या दिवशी अंगणात मांडवात बांगड्या भरायच्या होत्या. हिरवा चुडा, नवऱ्याकडून आलेला, आणि तो बघायला त्यांच्याकडच्या बायका येणार होत्या. आमच्याकडची समजूत अशी की नवरीची पहिली बांगडी सुखरूप बसावी, फुटली तर अपशकुन. त्याच्या दोन दिवस आधी अम्मा आणि फुपी चुलीपाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी गेल्यावर अम्मानं मला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू होतं.

"ठरलंय. सकाळच्याला आतल्या खोलीत, दार लावून, पयल्या पाच मी भरणार. शबाना आन् मी, बास. मंग अंगणात बाकीच्या तुजी फुपी भरंल."

"दार लावून?" मी म्हटलं. "का? चोरी करतीस का?"

"चोरी कशाची. मला तेवढं पुरतंय."

"तुला पुरतंय म्हणून सगळं असंच राहतंय."

फुपी चुलीत लाकूड सारत म्हणाली, "पोरी, घरात भरणं निराळं, मांडवात भरणं निराळं. तिला तिचं करू दे."

तिला तिचं करू दे. याच्याइतकं शहाणं वाक्य त्या घरात कुणी बोललं नसेल. मी त्याचा अर्थ लावला, की या दोघी लाजेला शरण गेल्या आहेत, आणि शिकलेली गोष्ट लपवणं म्हणजे अन्यायाला मूक संमती. खरंच, हेच शब्द माझ्या डोक्यात होते. सतराव्या वर्षी माणूस निर्दय असतं ते वाईट असतं म्हणून नव्हे. त्याला आपण बरोबर आहोत हे फार स्पष्ट दिसत असतं.

त्या सकाळी मांडवात चाळीस-पन्नास बायका होत्या. हळदीचा वास, मोगऱ्याचा वास, मागं मोठ्या पातेल्यात दाळचा उकळत होता. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जात होते. बारामतीच्या पाहुण्या जरा लवकरच आल्या. सगळी धांदल झाली, आतल्या खोलीत बायकांनी पिशव्या ठेवल्या, आपाला थेट पाटावर आणून बसवलं. दार लावून पाच बांगड्या भरायचं राहूनच गेलं. फुपीनं हे बघितलं. ती आपाच्या नवऱ्याच्या आईला म्हणाली, "विहीणबाई, चा घ्या आधी. पोरीला जरा आत न्हेऊन आणते, दमलीय." ती अम्माला तिची वेळ काढून देत होती. हे मला आज कळतं. तेव्हा मी उभी राहिले.

"आत कशाला?" मी मोठ्यानं म्हटलं. "आज चुडा अम्मा भरणार. या घरानं वीस वर्षं तिला जड हाताची म्हटलं. वर्षभर शिकलीय ती. आज सगळ्यांनी बघावं."

आपानं डोळे मिटून घेतले. फुपी म्हणाली, "नसीम, बस खाली."

"का? कुणाला भीती वाटती का?"

विहीणबाईंनी हसून बाजूच्या बाईकडं बघितलं. "अगं बया. भरू द्या की मग. आमालाबी बघू द्या." त्यात कुजकेपणा होता की निव्वळ कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अम्मानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहू शकले नसते, किंवा फार सहज लिहू शकले असते. राग नव्हता. ती फक्त बघत होती, की मी मागं घेते का. मी घेतलं नाही. मग ती पदराला हात पुसत आली आणि पाटासमोर बसली. ती आत निघून गेली असती तर त्या सगळ्या बायकांत मी खोटी पडले असते. म्हणून ती बसली. मला तोंडघशी पडू द्यायचं नाही, एवढ्याचसाठी.

आपाचा हात बर्फासारखा झाला होता आणि मुठीसारखा आवळला होता. पन्नास जणी बघत असताना कुणाचा हात ढिला पडेल? अम्मानं अंगठा मिटवला, बांगडी बोटांवर आणली, आणि थांबायचं असतं तिथं थांबली नाही. थांबायला तिला कुणी वेळच ठेवला नव्हता. बारीक आवाज झाला. हिरवी काच पाटावर पडली. दुसरी घेतली. ती अर्ध्यावर गेली आणि आपाच्या अंगठ्याखालून रक्त आलं. मागच्या रांगेत एकीनं "वाढली ग" असं कुजबुजून म्हटलं.

"राहू द्या वहिनी," विहीणबाई म्हणाल्या. "ज्याचं काम त्येलाच जमतं."

फुपी पुढं झाली. तिनं अम्माच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काच कच्ची निघाली. भट्टीचा दोष हाय, हाताचा न्हाय." मग त्याच पेटीतल्या, त्याच डझनातल्या बांगड्या घेऊन तिनं चुडा भरला. एकही वाढली नाही. सगळ्यांना काय ते कळलं. अम्मा म्हणाली, "दाळचा बघून येते," आणि उठून गेली.

लग्न नीट पार पडलं. आपा बारामतीत सुखात आहे, तिला दोन मुली आहेत. फुटलेल्या बांगडीनं कुणाचं काही वाकडं झालं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. वाकडं झालं ते एवढंच. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत जाऊन बसले आणि हात पुढं केला. अम्मा दारातून म्हणाली, "भांडी पडल्यात." दुसऱ्या दिवशी तिला धुणं होतं. त्यानंतर तिला झोप येत होती. मी तिला पत्रकातलं सगळं पुन्हा सांगितलं. चूक शिकवते, हार म्हणजे शेवट नव्हे. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "व्हय, बरोबर हाय तुझं." काही महिन्यांनी दुकानात एक बाई म्हणाली, तुमीच भरा की वहिनी, तेव्हा अम्मा हसलीसुद्धा नाही. "माझा हात जड हाय," एवढंच म्हणाली. आधी ते दादीचं मत होतं. आता तिनं ते स्वतः तपासून पाहिलं होतं, तेही पन्नास साक्षीदारांसमोर, आणि ती तपासणी मी भरवली होती. त्या गप्पाही थांबल्या. ती मला पुन्हा फक्त जेवलीस का विचारायला लागली.

चार वर्षांनी अम्मा गेली. तीन दिवसांचा ताप, आणि सकाळी चहा मागून घेतला तो तसाच राहिला. गुसल देण्यासाठी, म्हणजे शेवटची आंघोळ घालण्यासाठी, मोहल्ल्यातल्या दोन बायका आल्या. बोरीचा पाला घालून पाणी तापवलं. आपा बारामतीहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. अंगावरचे दागिने उतरवायचे असतात. अम्माच्या हातात गेल्या वर्षीच्या ईदला फुपीनं भरलेल्या पाच-पाच बांगड्या होत्या, अगदी घट्ट. एक बाई म्हणाली, "पक्कड आणा, तोडून टाकू."

"तोडायच्या न्हाईत," फुपी म्हणाली. तिची नजर तोवर साखरेच्या आजारानं गेल्यातच जमा होती. तिनं चाचपडत अम्माचा हात घेतला, दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "माझ्या बोटांना आता कळत न्हाय. नसीम, तू काढ."

"मला येत न्हाय, फुपी."

"वर्षभर बसलीस की तिच्यापुढं."

"हात दिला होता. मी शिकले न्हाय."

हे बोलताना मला पहिल्यांदा ते दिसलं. वर्षभर मी माझ्या आईला शिकवत होते की कुणालाही काहीही शिकता येतं, आणि तेवढ्या वर्षात एकदाही मला वाटलं नव्हतं की आपण एक बांगडी हातात घ्यावी, आपलीही चारदा फुटावी, आपणही तिच्यासमोर वेंधळं दिसावं. बांगडी भरणं मला कमी दर्जाचं वाटत होतं का? का मला हरायची भीती होती? काही असो, फुटण्याचा भाग सगळा तिच्याकडं होता आणि वाक्यांचा भाग माझ्याकडं.

फुपीनं माझी बोटं धरून अम्माच्या हातावर ठेवली. "अंगठा आत घे. बुडाला दाब. घाई न्हाय." हात अजून मऊ होता. पहिली बांगडी माझ्या हातून फुटली. काच तिच्या हाताला लागली आणि तिथून रक्त आलं नाही. मी हात मागं घेतला. दुसरीही फुटली. मी म्हटलं, बास, पक्कड आणा.

"काढ," फुपी म्हणाली. "आईच्या हातावर फुटली तर फुटू दे. ती काय म्हणणार न्हाय. आमी सगळ्या आईच्याच हातावर शिकलो. माझ्या आईच्या हाताला वरीसभर चिंध्या बांधलेल्या असायच्या, दोन्ही हातांना. दार लावून शिकायचं. बाहेर म्हणायचं, अल्लानं दिला. तसं म्हटलं न्हाय तर गिऱ्हाईक हात देत न्हाय पोरी."

पाण्याची वाफ खोलीभर होती. मी विचारलं, "मग अम्माला का न्हाय सांगितलं?"

फुपीनं पदरानं अम्माचा हात टिपला. मग म्हणाली, "ती लेक न्हवती, सून हुती. तिची आई हितं न्हवती, हात कुणी द्यायचा? तुझ्या दादीनं दिला न्हाय. मीबी दिला न्हाय. मला वाटायचं, आज ना उद्या तिला कळंल, हे दुकानात बोलायचं बोलणं हाय. तिनं खरंच मानलं. मग इतकी वर्सं गेली, का सांगायची लाज वाटाय लागली."

तिसरी बांगडी निघाली. दहांतल्या सहा मी सबंध काढल्या. शेवटच्या दोन तर फुपीनं न सांगता. आपा आली तेव्हा मी त्या सहा बांगड्या ओंजळीत धरून बसले होते. अम्माला आपाच्या हातात पाच बांगड्या भरायच्या होत्या. एका सकाळी, दार लावून, फक्त पाच. त्या तिला नक्की जमल्या असत्या. मी हे पत्रकातलं म्हणून सांगत नाही, माझ्या मनगटाला ठाऊक आहे म्हणून सांगते.

मी आजही पत्रकं लिहिते. त्यातलं ते म्हणणं, की कसब घडतं, ते मला अजूनही खरंच वाटतं. अम्माच्या हातानं ते सिद्ध केलं होतं. पण घडण्यासाठी चुकावं लागतं, आणि चुकण्यासाठी जागा लागते. ती जागा मिळालेल्यांना आपण गुणी म्हणतो आणि न मिळालेल्यांना जड हाताचं. एवढं मला कुठल्याच गठ्ठ्यात वाचायला मिळालं नाही.

तेव्हा वाचकहो, एक करा. उद्या दुपारी, जेवणं झाल्यावर, तुमच्या घरात ज्या माणसाला काही येत नाही असं कधीचंच ठरून गेलं आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा. तुम्हाला स्वतःला जे येत नाही, ते आधी त्याच्यासमोर करून बघा, आणि फसा. मग त्याला विचारा, तुला काय करून बघायचं होतं. तो सांगेल ते किती लहान आहे, यावरून वाद घालू नका. जेवढं मागेल तेवढंच द्या. आणि कृपा करून, दार लावून घ्या.